नोटिशीच्या आधीचा न्याय

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू केल्या आणि एकोणतीस जुने कामगार कायदे त्यांत सामावले गेले. या संहितांवरची चर्चा तेव्हापासून बहुतांशी वेतनाची नवी व्याख्या, भविष्य निर्वाह निधीची कपात, कामाचे तास आणि संपावरील निर्बंध यांभोवतीच फिरत राहिली आहे. हे विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु सामान्य नोकरदाराचा कायद्याशी संबंध बहुधा संपाच्या किंवा टाळेबंदीच्या वेळी येत नाही. ‘तुमचे काम समाधानकारक नाही’ असे एखाद्या दिवशी अचानक ऐकावे लागते, रजेवरून परतल्यावर हजेरीपत्रकातून नाव गेलेले दिसते किंवा वरिष्ठाच्या वागणुकीविरुद्ध दाद मागायची तर कोणाकडे जावे हेच कळत नाही, तेव्हा तो येतो. कामगिरीचे मोजमाप, चुकीची दखल आणि तक्रारीचा निवाडा या तीन गोष्टी आपल्या राज्यातील आस्थापनांत कशा हाताळल्या जातात आणि नव्या कायद्याने त्यांत काय बदलते, हा प्रश्न म्हणूनच स्वतंत्रपणे तपासायला हवा.

गोव्याच्या बाबतीत तर तो अधिकच निकडीचा आहे. वेर्णे, कुंडई, खोर्ली, थिवी, डिचोली येथील औद्योगिक वसाहतींत मोठे औषधनिर्मिती कारखाने आहेत, तसे त्यांच्या आजूबाजूला पन्नास-साठ कामगारांवर चालणारे असंख्य लहान उद्योगही आहेत. पर्यटन व्यवसायात तर मध्यम हॉटेले, उपाहारगृहे आणि हंगामी आस्थापनांचाच भरणा अधिक. अशा ठिकाणी मनुष्यबळ विभाग नावाची गोष्ट नसते, असली तरी ती एका टेबलापुरती असते. मालक किंवा व्यवस्थापक हाच काम देतो, तोच ते जोखतो, तोच तक्रार करतो आणि तोच शिक्षा ठोठावतो.

तीनशे आणि वीस

औद्योगिक संबंध संहितेने दोन आकडे निश्चित केले आहेत. पहिला तीनशेचा. कामाच्या वेळा, रजा, गैरवर्तनाची व्याख्या, चौकशीची पद्धत, निलंबन आणि शिक्षा यांचे लेखी नियम, म्हणजे ज्यांना कायद्यात ‘स्थायी आदेश’ म्हणतात ते, आता तीनशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच बंधनकारक आहेत. १९४६ च्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा शंभराची होती. निलंबित कामगाराला पहिल्या नव्वद दिवसांसाठी निम्मे वेतन आणि विलंबाला तो जबाबदार नसल्यास त्यानंतर पाऊणपट वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यावे, चौकशी साधारणतः नव्वद दिवसांत पूर्ण करावी, या तरतुदीही स्थायी आदेशांच्या याच प्रकरणात आहेत. साहजिकच, तीनशेच्या आतील आस्थापनांत शिस्तीचे लेखी नियम असावेत की नसावेत, हे बव्हंशी मालकाच्या इच्छेवर राहते. गोव्यातील लहान व मध्यम उद्योगांपैकी फार मोठा भाग याच गटात मोडतो.

दुसरा आकडा वीसचा. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक औद्योगिक आस्थापनात तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, असे ही संहिता सांगते. समितीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, एकूण सदस्य दहाहून अधिक नसावेत, अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने दोन्ही बाजूंकडे जावे आणि महिला सदस्यांचे प्रमाण महिला कामगारांच्या प्रमाणापेक्षा कमी नसावे, असा तिचा आराखडा आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत कामगाराने अर्ज करायचा आणि समितीने तीस दिवसांत त्याचा निकाल लावायचा. निर्णय बहुमताने होतो खरा, पण कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक जणांची त्याला संमती नसेल, तर निर्णय झालाच नाही असे धरले जाते. निर्णय मान्य नसल्यास किंवा मुदतीत तो न झाल्यास साठ दिवसांच्या आत आपल्या कामगार संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते.

म्हणजेच तीनशेच्या खालच्या आस्थापनांतून लेखी शिस्तीचे बंधन गेले असले, तरी वीसच्या वरच्या आस्थापनांत तक्रार ऐकण्याचे बंधन कायम आहे. गोव्यातील मध्यम आकाराच्या कारखान्यात किंवा हॉटेलात काम करणाऱ्या माणसासाठी आतल्या आत दाद मागण्याचे हेच एक वैधानिक दार उरते. ते प्रत्यक्षात उघडे आहे का, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न उगाच उपस्थित होत नाही. वीस कामगारांची ही अट नवी नाही. औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने अशीच समिती बंधनकारक केली होती. तेव्हा तिचे सदस्य कमाल सहा होते आणि मुदत पंचेचाळीस दिवसांची होती. पंधरा वर्षे ही तरतूद कायद्यात होती. आपल्या आस्थापनात अशी समिती आहे का, तिचे सदस्य कोण, तिची शेवटची बैठक कधी झाली, एवढे तीन प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारून पाहावेत. त्यांची उत्तरे देता येत नसतील, तर ती समिती कागदावरच आहे असे समजायला हरकत नाही.

गैरवर्तन वेगळे, कमी कामगिरी वेगळी

कामाच्या ठिकाणच्या अन्यायाचे एक मोठे कारण दुष्टपणा नसून गोंधळ हे असते. गैरवर्तन आणि असमाधानकारक काम या दोन भिन्न गोष्टी आहेत, पण व्यवहारात त्यांची सर्रास सरमिसळ होते. चोरी, मारामारी, खोटी हजेरी, सुरक्षेचे नियम जाणूनबुजून मोडणे हे गैरवर्तन झाले. तिथे आरोपपत्र, चौकशी आणि दोष सिद्ध झाल्यास शिक्षा हा मार्ग आहे. एखाद्या यंत्रचालकाच्या हातून खराब माल अधिक निघतो किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याविषयी पाहुण्यांच्या तक्रारी येतात, हा मात्र कामगिरीचा प्रश्न आहे. तिथे पहिला प्रश्न ‘का?’ हाच असायला हवा.

यंत्राची देखभाल वेळेवर झाली होती का, कच्चा माल बदलला होता का, नव्या यंत्राचे प्रशिक्षण मिळाले होते का, पाळीत माणसे पुरेशी होती का, हे न पाहता एका माणसाच्या नावावर दोष टाकला तर खराब माल निघायचा थांबत नाही, फक्त माणूस बदलतो. स्वागतकक्षावर ऐन डिसेंबरात चौघांचे काम दोघांवर पडत असेल, तर पाहुण्यांची नाराजी ही त्या दोघांच्या कामगिरीची मोजणी ठरत नाही, ती व्यवस्थापनाच्या नियोजनाची मोजणी ठरते. कारणांची अशी छाननी झाल्यावरही उणीव त्या व्यक्तीचीच आहे असे दिसले, तर ती नेमकी कोणती, किती मुदतीत काय सुधारायचे आणि त्यासाठी आस्थापन काय साह्य देणार, हे लेखी सांगणे ही पुढची पायरी. मोठ्या कंपन्यांत ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’ या नावाने हेच चालते. दुर्दैवाने अनेक ठिकाणी हा आराखडा सुधारणेसाठी नसून आधीच ठरलेल्या गच्छंतीची कागदोपत्री तयारी म्हणून वापरला जातो. नोकरदारांच्या मनात त्याची जी धास्ती आहे, ती त्यामुळेच.

कायद्याची भूमिका या बाबतीत पुरेशी स्पष्ट आहे. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची सेवा संपवली, तर काही अपवाद वगळता ती ‘कामगार कपात’ ठरते. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला अशा वेळी एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. नव्या संहितेनुसार त्याखेरीज पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनःकौशल्य निधीत भरावी लागते. ‘काम बरे नाही’ असे सांगून उद्यापासून येऊ नकोस म्हणणे हा कायदेशीर मार्ग नव्हे. म्हणूनच त्याऐवजी ‘स्वतःहून राजीनामा दे, अनुभवाचा दाखला चांगला देतो’ हा मार्ग सर्वत्र रूढ झाला आहे. दडपणाखाली लिहून घेतलेला राजीनामा हा खरा राजीनामा नसतो. परंतु ते सिद्ध करण्याचा भार अखेर नोकरी गमावलेल्या माणसावरच येऊन पडतो.

न सांगितलेला शेरा

कामगिरीच्या मोजमापाविषयी भारतातील सर्वांत मोलाचे तत्त्व एका अभियंत्याच्या लढ्यातून आले. सीमा रस्ते संघटनेतील या कार्यकारी अभियंत्याची बढती एका गोपनीय अहवालामुळे अडली. त्या अहवालात त्याच्याविषयी वाईट काहीच लिहिलेले नव्हते. १९९३-९४ या वर्षासाठी त्याला ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी मात्र ‘अतिशय चांगला’ हा निकष होता आणि प्रतिकूल नसलेला शेरा कळवण्याची प्रथा नसल्याने त्याला त्याची कल्पनाच नव्हती. देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रत्येक शेरा, मग तो वाईट असो की चांगला, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे आणि त्याविरुद्ध म्हणणे मांडण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. पुढे २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. केंद्र सरकारने मे २००९ मध्येच आदेश काढून २००८-०९ पासूनचे वार्षिक अहवाल संपूर्णपणे कर्मचाऱ्याला दाखवण्याची आणि पंधरा दिवसांत म्हणणे मांडू देण्याची पद्धत सुरू केली होती.

हा निकाल सरकारी सेवेपुरता असला, तरी त्यामागचा विचार कोणत्याही हॉटेलला, कारखान्याला किंवा शाळेला लागू पडतो. जो दोष माणसाला सांगितलाच नाही तो सुधारण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही आणि म्हणून त्याच्या आधारे त्याला शिक्षाही करता येत नाही. वर्षभर ‘ठीक चालले आहे’ म्हणायचे आणि मार्च महिन्यात वेतनवाढ नाकारताना वर्षभरातल्या चुकांची यादी वाचायची, हा प्रकार खासगी क्षेत्रात नित्याचा आहे. बहुतेक व्यवस्थापकांना तोंडावर उणीव सांगणे अवघड वाटते. गोव्यासारख्या लहान समाजात तर ते अधिकच अवघड असते. कर्मचारी त्याच वाड्यावरचा असतो, जत्रेत भेटतो, लग्नकार्यात एका पंगतीला बसतो. या भिडेपोटी उणीव बोलून दाखवली जात नाही, ती मनात साचत जाते आणि एके दिवशी नोटिशीच्या रूपाने बाहेर पडते. भीड पाळल्याने संबंध टिकतात असे वाटते, प्रत्यक्षात ते अशा नोटिशीनेच कायमचे तुटतात.

मोजमापाची पद्धतही न्याय्य हवी. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी दरवर्षी कर्मचाऱ्यांची उतरंड लावून तळाचे दहा टक्के लोक बाजूला काढण्याची पद्धत रूढ केली आणि जगभरच्या कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. संघातील सगळेच चांगले काम करत असले, तरी कोणाला तरी तळाला ठेवावेच लागते, हा तिचा मूलभूत दोष. सहकाऱ्याला मदत केली तर आपलाच क्रमांक घसरेल, अशी भावना तिच्यातून वाढते. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या नोव्हेंबरात ही सक्तीची उतरंड सोडून दिली. दहा-बारा माणसांच्या विभागाला असली उतरंड लावणाऱ्या आपल्याकडील आस्थापनांनीही तिचा फेरविचार करायला हवा.

घाई आणि दिरंगाई

शिस्तभंगाच्या कारवाईत नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळा असे म्हटले, की ती वेळखाऊ औपचारिकता आहे असे अनेक मालकांना वाटते. मुळात ही तत्त्वे मोजकी आणि साधी आहेत. आरोप काय आहे हे नेमके सांगा, पुरावा दाखवा, त्याला बोलू द्या, साक्षीदाराला प्रश्न विचारू द्या आणि आरोप करणाऱ्यालाच न्यायाधीश करू नका. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा ठरवताना चुकीचे गांभीर्य आणि त्या माणसाची आजवरची सेवा दोन्ही लक्षात घ्या.

ही तत्त्वे डावलली की काय होते, याची उदाहरणे न्यायालयीन इतिहासात विखुरलेली आहेत. एका कारखान्याच्या स्थायी आदेशांत अशी तरतूद होती, की आठ दिवसांहून अधिक काळ विनापरवाना गैरहजर राहिलेल्या कामगाराचा नोकरीवरचा हक्क आपोआप संपुष्टात येतो. डी. के. यादव यांच्या खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नियमात ‘आपोआप’ असे लिहिले असले तरी माणसाला त्याचे म्हणणे मांडू न देता त्याचे उपजीविकेचे साधन काढून घेता येणार नाही. कामगाराला निम्म्या थकीत वेतनासह परत घ्यावे लागले. आपल्याकडे चतुर्थीला गावी गेलेला किंवा घरच्या आजारपणात अडकलेला कामगार दोन दिवस उशिरा परतला, तर त्याच्या जागी दुसरा उभा दिसण्याचे प्रकार आजही घडतात. त्या मालकांना हा तीन दशकांपूर्वीचा निकाल ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

घाईची किंमत किती मोठी असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्यातलेच आहे. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. समितीने प्रकरण गांभीर्याने घेतले, परंतु काही आठवड्यांतच एकामागून एक बैठका घेऊन चौकशी उरकली. आरोपीने प्रकृतीचे कारण देऊन मागितलेली मुदत नाकारून त्याच्या अनुपस्थितीतच कामकाज पुढे नेले. त्याला बडतर्फ करण्यात आले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली आणि चौकशी मे २००९ मध्ये ज्या टप्प्यावर होती, त्या टप्प्यापासून पुन्हा करण्याचा आदेश दिला. न्यायालयाने आरोपीला निर्दोष ठरवले नव्हते, फक्त त्याला पुरेशी संधी मिळाली नाही एवढेच म्हटले होते. चौदा वर्षांनी सगळे पुन्हा पहिल्या पानावर आले. त्यात आरोपीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, नुकसान तक्रार करणाऱ्या मुलींचे झाले. काही आठवड्यांचा वेळ वाचवण्यासाठी झालेल्या घाईने त्यांच्या तक्रारीचा निर्णायक निकाल चौदा वर्षे लांबवला. योग्य प्रक्रिया ही आरोपीला दिलेली सवलत आहे, हा समज या एका प्रकरणाने खोटा ठरवला आहे. निकाल टिकावा असे वाटत असेल, तर तक्रारदारालाही योग्य प्रक्रियेचीच गरज असते. त्याच निकालात न्यायालयाने २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटींवर बोट ठेवून सरकारी आस्थापनांत समित्या आहेत की नाहीत, याची पडताळणी करण्याचे निर्देश दिले.

दुसरे टोक दिरंगाईचे. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा नियम लागू आहेत आणि त्यांत निलंबनाचा नव्वद दिवसांत आढावा घेणे आवश्यक आहे. अजयकुमार चौधरी यांच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तीन महिन्यांत आरोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालवता येणार नाही. आरोपपत्र दिले असल्यास मुदत वाढवताना कारणे नोंदवावी लागतील. यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. निलंबन ही शिक्षा नव्हे, पण वर्षानुवर्षे रेंगाळले की ते शिक्षेहून वाईट होते. निर्दोष माणूस बदनामी घेऊन घरी बसतो, दोषी माणूस काम न करता निर्वाह भत्ता घेतो आणि त्या भत्त्याचा भार करदात्यांवर पडतो.

सौम्यपणाही अन्यायकारक

न्याय्य वागणूक म्हणजे कोणावरही कारवाई न करणे, असा एक समज सरकारी कार्यालयांत खोलवर रुजला आहे. त्याचा फटका नागरिकांना बसतो हे सर्वांना दिसते. पण त्याचा पहिला फटका त्याच कार्यालयातील कष्टाळू कर्मचाऱ्याला बसतो, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस अकरा वाजता येतो आणि चार वाजता जातो, त्याच्या फायली अखेर प्रामाणिक कर्मचाऱ्याकडे येतात. वार्षिक अहवालात दोघांनाही सारखाच शेरा मिळतो. वरिष्ठाने वाईटपणा टाळलेला असतो, पण त्या टाळलेल्या वाईटपणाची किंमत एक तिसराच माणूस रोज मोजत असतो. काही वर्षांनी तोही काम करणे सोडतो किंवा नोकरी सोडतो.

खासगी क्षेत्रात हाच प्रकार मर्जीतल्या माणसांच्या रूपाने दिसतो. उशिरा येण्याबद्दल एकाला मेमो आणि दुसऱ्याला हसून सोडून देणे, यातून शिस्तीचा पायाच ढासळतो. नियम कडक असला तरी तो सर्वांना सारखा असेल, तर लोक तो स्वीकारतात. सौम्य पण निवडक नियम कोणीच मनापासून पाळत नाही.

लहान मालकाची अडचणही समजून घ्यायला हवी. पंचवीस माणसांच्या कारखान्यात चौकशी अधिकारी कोठून आणायचा? तक्रारदार मालकच आणि निर्णय घेणाराही मालकच, ही अवस्था तिथे अटळ वाटते. यावर तोडगा नाही असे नाही. एका औद्योगिक वसाहतीतील दहा-पंधरा उद्योगांनी मिळून निवृत्त कामगार अधिकारी, वकील आणि अनुभवी कामगार प्रतिनिधी यांची एक सामाईक यादी ठेवली आणि चौकशी नेहमी बाहेरच्या व्यक्तीकडे सोपवली, तर खर्चही विभागला जाईल आणि निष्पक्षपाताविषयीची शंकाही कमी होईल. सदोष चौकशीची किंमत त्या मानाने कितीतरी जास्त आहे. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सेवा बेकायदा संपवली असेल तर पूर्वपदावर घेणे आणि मधल्या काळाचे वेतन देणे हाच सर्वसाधारण नियम होय. चार-पाच वर्षांचे थकीत वेतन एकदम देण्याची वेळ आली, तर एखादा लहान उद्योग मोडकळीस येऊ शकतो.

कक्षेबाहेरचे

या साऱ्या चर्चेत मोठा वर्ग कक्षेबाहेर राहतो, हे विसरून चालणार नाही. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिन्याला अठरा हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा कर्मचारी संहितेच्या दृष्टीने ‘कामगार’ नाही. हॉटेलांत आणि कारखान्यांत कनिष्ठ माणसालाही ‘सुपरवायझर’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ असे पदनाम देण्याची जी प्रथा आहे, तिचा अर्थ या संदर्भात लक्षात येतो. न्यायालये पदनाम पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात, हा त्यातल्या त्यात दिलासा. मात्र त्यासाठी आधी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

निश्चित मुदतीच्या नोकरीला नव्या संहितांनी अधिकृत स्थान दिले आहे. अशा कर्मचाऱ्याला कायम कर्मचाऱ्यासारखेच लाभ आणि एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळणार, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण मुदत संपल्यावर ती न वाढवणे ही कामगार कपात मानली जात नाही. पर्यटनाच्या हंगामावर चालणाऱ्या राज्यात याचा अर्थ असा, की तक्रार करणाऱ्या माणसाला काढावे लागत नाही, पुढच्या ऑक्टोबरात बोलवायचे नाही, एवढे पुरते. असा माणूस तक्रार निवारण समितीकडे जाईल का?

तरीही संहितेत एक असा भाग आहे, जो तीनशेच्या मर्यादेवर अवलंबून नाही. तिच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. सूडबुद्धीने, खोट्या कारणाने, विनारजा गैरहजेरीचा बनावट ठपका ठेवून, चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने कामगाराला काढणे, किरकोळ चुकीसाठी मागील सेवा न पाहता भारी शिक्षा देणे, हे सारे त्या यादीत आहे. कामगाराला वर्षानुवर्षे हंगामी ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवणेही त्यात आहे. जुन्या कायद्यातूनच ही यादी पुढे आली आहे. स्थायी आदेश नसलेल्या आस्थापनांतील कामगारांनी आणि संघटनांनी ती पाठ करून ठेवावी, इतकी ती मोलाची आहे.

आता काय व्हावे

कायदा आपली चौकट घालून देतो, तिच्यात प्राण भरण्याचे काम राज्य, मालक आणि कर्मचारी या तिघांचे. राज्याच्या कामगार खात्याला एक काम तातडीने करता येण्यासारखे आहे. वीसहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांकडून तक्रार निवारण समितीच्या सदस्यांची नावे, बैठकांच्या तारखा आणि निकाली काढलेल्या तक्रारींची संख्या मागवून ती दरवर्षी प्रसिद्ध करावी. जी समिती नावांसह दारावर लावलेली असते, तिच्याकडे जाण्याचे धैर्य लोकांना होते.

दुसरा मुद्दा भाषेचा. गोव्यातील कारखान्यांत आणि हॉटेलांत आज कोकणी-मराठी बोलणाऱ्यांसोबत कर्नाटक, ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेश येथून आलेली माणसे काम करतात. त्यांना दिले जाणारे आरोपपत्र मात्र बहुधा इंग्रजीत असते. आरोप ज्याला वाचताच येत नाही, त्याने त्याला उत्तर दिले असे कसे मानायचे? तीनशेच्या आतील आस्थापनांसाठी शिस्तीचे साधे, चार पानी आदर्श नियम खात्याने तयार करावेत आणि ते कोकणी, मराठी, कन्नड आणि हिंदीत उपलब्ध करून द्यावेत. बंधन नसले तरी समंजस मालक ते स्वीकारतील, कारण उद्या वाद उभा राहिला तर तेच त्यांच्या कामी येतील.

मालकांसाठी तीन सवयी पुरेशा आहेत. नियुक्तीपत्र द्यावे, कारण व्यावसायिक सुरक्षा संहितेने ते आता बंधनकारक केले आहे, आणि त्यात कामाचे स्वरूप स्पष्ट लिहावे. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाशी त्याच्या कामाविषयी पंधरा मिनिटे बोलावे आणि बोलण्याचा सारांश दोन ओळींत लिहून त्यावर दोघांच्याही सह्या घ्याव्यात. कोणाला काढण्याची वेळ आलीच, तर त्याचे सर्व देणे दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे. वेतन संहितेचीही हीच आज्ञा आहे.

कर्मचाऱ्यांनीही आपली बाजू कागदावर ठेवायला शिकले पाहिजे. नियुक्तीपत्र, वेतनपत्रके, रजेचे अर्ज, मिळालेले मेमो आणि त्यांना दिलेली उत्तरे यांच्या प्रती घरी असाव्यात. मेमोला उत्तर न देणे हा स्वाभिमान नव्हे. उत्तर न देणाऱ्याला आरोप मान्य आहे असेच पुढे धरले जाते. तक्रारीची एका वर्षाची आणि समेट अधिकाऱ्याकडे जाण्याची साठ दिवसांची मुदतही लक्षात ठेवावी. ‘बघू, पुढे सुटेल’ म्हणत बसलेल्या माणसाचा हक्क कायद्यात असूनही हातातून निसटतो.

पणजीच्या पाटो परिसरातील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथपर्यंत पोहोचणारे अनेक वाद सहा महिने आधी, कारखान्याच्या आवारातच, एका स्पष्ट संभाषणाने मिटण्यासारखे असतात. नव्या संहितांमुळे मालकांचे अधिकार वाढले की कामगारांचे, यावर वाद चालूच राहील. परंतु वीस माणसांच्या आस्थापनात दोन्ही बाजूंची माणसे एका टेबलाशी बसून तीस दिवसांत एखादी तक्रार खरोखर निकाली काढू लागली, तर त्या आस्थापनापुरता तरी हा वाद मिटलेला असेल.